पोडियमचं कोअर कटिंग: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-६०२: सचिव साहेब, पार्किंगच्या छताला खडूने सहा गोल मारलेत. गाड्यांच्या चार्जिंगच्या वायरिंगसाठी उद्या कोअर कटिंग (मशिनने गोल भोकं पाडणं) आहे असं वॉचमन सांगतोय. पोडियम (पार्किंगवरचा मजला) पीटी स्लॅब आहे, म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड, आत पोलादी केबल ओढून ताणलेल्या. स्कॅन झाल्याशिवाय एकही भोक पाडू देऊ नका, हात जोडून विनंती 🙏

सचिव: ताई, कमिटीत ठराव झालाय. भोकं फक्त १०० मिमीची आहेत.

सी-३०४: आणि चार्जिंगची वाट किती बघायची? प्रत्येक कामात कुणीतरी आडवं येतंच.

डी-२०१: पीटीचं केबल लेआउट ड्रॉइंग आहे का कमिटीकडे?

बी-६०२: "फक्त" १०० मिमीच घातक आहे. साध्या स्लॅबमध्ये एवढ्या भोकात एखाद-दुसरी सळई जाते, बाकीच्या भार उचलतात. इथे चपटी डक्ट (केबलची पत्र्याची नळी) साधारण ७० मिमी रुंद असते आणि तिच्यात तीन ते पाच स्ट्रँड (पोलादी तारांचे पीळ) असतात. बिट बरोबर वर बसला तर सगळे एका झटक्यात कापले जातील. १२.७ मिमीचा एक स्ट्रँड सुमारे १८ टनांना तुटतो. जॅकने तो १४ टनांच्या आसपास ओढलेला असतो. टोकाची पाचर (वेज) सरकणं, घर्षण, काँक्रीटचं हळूहळू दबणं (क्रीप) आणि आकसणं (श्रिंकेज) हे सगळं वजा केलं तरी ११-१२ टन ताण आजही त्यात आहे. पाच स्ट्रँड म्हणजे किती, ते मोजा.

सी-३०४: ठेकेदार म्हणतो डक्ट ग्राउट केलेली (सिमेंटच्या पातळ लगद्याने भरलेली) आहे, स्ट्रँड तुटला तरी पकड राहते.

ए-१०१ (काका): अर्धं खरं आहे. ग्राउट नीट भरलं असेल तर तुटलेला स्ट्रँड कापापासून मीटरभर अंतरात पुन्हा पकड घेतो. नुकसान त्या पट्ट्यापुरतं राहतं. पण ग्राउटमधलं पाणी वर येऊन पोकळी राहते ती डक्टच्या सर्वांत उंच जागी, म्हणजे कॉलमच्या वर. तिथे पकडच नसते. आणि डक्टऐवजी ग्रीस लावलेला प्लॅस्टिक आवरणाचा अनबॉन्डेड स्ट्रँड निघाला, तर एका जागी कापला की या टोकाच्या अँकरपासून त्या टोकापर्यंत सगळ्या गाळ्यांतला (कॉलम ते कॉलम भागांतला) ताण जातो. सुटलेला स्ट्रँड टोकाचं प्लॅस्टर फोडून बाहेरही येऊ शकतो. आपल्याकडे यातलं काय आहे, हे ठेकेदाराला कोणी सांगितलं?

डी-२०१: तेच विचारतोय. ड्रॉइंग आहे का?

ए-७०१: तोवर माझी स्कूटर लिफ्टमधून वर आणून हॉलमध्ये चार्ज करतो 😄

सचिव: अजिबात नको. बॅटरी घरात चार्ज करायला मनाई आहे, नोटीस बोर्डावर लावलंय.

सी-३०४: पोडियमवर बागेची माती टाकली तेव्हा कुठे होते सगळे इंजिनिअर?

बी-६०२: तेव्हाही लेखी दिलं होतं, फाइलमध्ये आहे. ३०० मिमी ओली माती चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या वर जाते. मोटारींच्या पार्किंगसाठी धरतात तो चल भार साधारण २५० किलो. मूळ डिझाइनमध्ये बागेचा भार त्या भागावर धरलाय का, हे कुणी तपासलं नाही. तो वेगळा विषय आहे, पण विसरलेले नाही.

सी-३०४: म्हणजे आता बागही काढायची!

ए-१०१ (काका): बागेचं नंतर बोलू. सहापैकी दोन गोल कॉलमच्या तोंडापासून हातभर अंतरावर आहेत. ते सर्वांत वाईट. फ्लॅट (बीम नसलेल्या) स्लॅबमध्ये एका दिशेच्या केबल कॉलमच्या रेषेवर गठ्ठ्याने नेतात, म्हणजे तिथे डक्ट लागण्याची शक्यता सर्वांत जास्त. शिवाय कॉलमभोवतीच्या ज्या परिमितीवर पंचिंग शिअर (कॉलम स्लॅबमधून आरपार घुसण्याचा जोर) पेलतो, ती भोकामुळे कमी होते. पंचिंगने स्लॅब जातो तेव्हा आधी वाकून इशारा देत नाही.

बी-६०२: इशाऱ्यावरून एक उदाहरण. वेल्समधला इनिस-इ-ग्वास पूल १९५३चा, प्रीकास्ट तुकडे केबलने ओढून जोडलेला. तुकड्यांच्या सांध्यांतून खारं पाणी केबलपर्यंत गेलं आणि डिसेंबर १९८५ मध्ये तो रिकामा असताना कोसळला. बाहेरून काही दिसलं नव्हतं. आपल्याकडे कोअर बिट नुसता डक्टला चाटून गेला, एकही स्ट्रँड तुटला नाही, तरी पत्रा फाटून बागेचं पाणी आत जायला वाट होते. त्या दिवशी सगळे म्हणतील "बघा, काही झालं नाही".

सचिव: मग करायचं काय? ठेकेदार उद्या सकाळी येतोय.

बी-६०२: उद्या त्याला थांबवा. जीपीआर स्कॅन (रडारने काँक्रीटच्या आत बघणं) वरून आणि खालून, दोन्हीकडून करायचा. केबल लाटेसारखी जाते: कॉलमवर स्लॅबच्या वरच्या बाजूला, गाळ्याच्या मध्यावर खालच्या बाजूला, दोन्हीकडे कव्हर ३०-४० मिमीचं. एकाच बाजूने बघितलं तर लांबची डक्ट वरच्या सळयांच्या जाळीआड लपते. सापडलेली रेघ रंगाने छतावर आखायची, खडूने नाही, म्हणजे पुढच्या प्लंबरलाही दिसेल. मग भोक डक्टपासून किती सरकवायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअर लेखी देणार.

डी-२०१: ड्रॉइंग असेल तर स्कॅन ताडून बघता येईल. म्हणून तिसऱ्यांदा विचारतोय. लेआउट, प्रोफाइल (केबल कुठे किती खोल) आणि स्ट्रेसिंगच्या वेळचा केबल लांबण्याचा रिपोर्ट.

सचिव: साहेब, वाचलंय. हस्तांतराच्या कागदांत शोधतो.

ए-१०१ (काका): भोकं पाडायची गरजच आहे का तेही बघा. पंपरूमच्या वर स्लॅब ओततानाच सोडलेल्या दोन स्लीव्ह (आरपार नळ्या) आहेत, त्यातली एक रिकामी आहे. तिथून वायर वर घेऊन भिंतीवरून ट्रे न्यायचा. छताला ट्रे टांगायचाच असेल तर ड्रिलला स्टॉपर लावून टांगायचा बोल्ट २५ मिमीच्या आत. गाळ्याच्या मध्यावर ५० मिमीचा फास्टनर ठोकला तर तो सरळ डक्टमध्ये.

सी-३०४: हे महिनाभर आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ए-१०१ (काका): महिनाभर आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

ए-७०४: सगळे इंजिनिअर जागे आहेत तर माझंही ऐका. बेडरूमच्या प्रीकास्ट भिंतीच्या सांध्यातून पाणी येतंय. आतून दोनदा सीलंट भरलं.

बी-६०२: आतून भरू नका, पाणी आत कोंडतं. बाहेरचा जुना सीलंट पूर्ण खरवडायचा, कडा कोरड्या करून प्रायमर, मग फोमची गोल दोरी, त्यावर सीलंट. सांधा २० मिमी असेल तर सीलंटची जाडी १० मिमी. मागच्या दोरीला तो चिकटता कामा नये, नाहीतर पॅनेल उन्हाने हलली की फाटतो. आणि सांध्याच्या तळाशी बारीक नळ्या असतील, त्या पाणी बाहेर काढायला आहेत. रंगवाल्याने बुजवल्यात का बघा.

ए-७०४: बुजवल्यात.

सचिव: ठेकेदाराला फोन केला, उद्याचं काम रद्द. स्कॅनवाला शनिवारी येईल. ओल्या स्लॅबवर स्कॅन नीट दिसत नाही म्हणतो, तेव्हा गुरुवारपासून बागेला पाणी घालू नये.

सी-३०४: झाडं मेली तर कमिटी जबाबदार.

डी-२०१: ड्रॉइंग?