एलएसई रोमान्सकार मरायस पासवर: पेंटो वर, पण करंट शून्य

तिसरी_खिडकी
नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या ट्रेन सिम्युलेटरमधले मूळ रूट मी आता ओपन रेल्स या दुसऱ्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये चालवतो. रविवारी ओडाक्यू या जपानी रेल्वे कंपनीची ७००० सिरीज, म्हणजे एलएसई रोमान्सकार ही विजेवरची एक्सप्रेस, टोकियो-हाकोने रूटवरून उचलून थेट अमेरिकेत मॉन्टानातल्या मरायस पास या डोंगरी खिंडीच्या रूटवर नेली. हिवाळा, बर्फ, व्हाइटफिश ते शेल्बी. गाडी जागची हलेना! ब्रेक सुटलाय, रिव्हर्सर (दिशेचा दांडा) पुढे, पेंटो (तारेतून वीज घेणारा छतावरचा पेंटोग्राफ) वर, आणि लाइन व्होल्टेज शून्य. तिथे ओव्हरहेड वायर नाही हे कळतं, पण काही मार्ग आहे का?

हीच गाडी का, तेही सांगतो. हिचा ड्रायव्हर शिडी चढून छतावरच्या केबिनमध्ये बसायचा आणि खालची पुढची अख्खी काच प्रवाशांना मिळायची. कर्जत-लोणावळा घाट मी शेकडो वेळा पाहिला, पण बाजूच्या खिडकीतून. बोगद्याचं तोंड समोरून अंगावर येताना कधीच दिसलं नाही. मरायसच्या वाटेवर एसेक्स गावाच्या पुढे हिमकडे कोसळतात म्हणून रुळांवर शेड बांधल्यात. त्या मला पहिल्या रांगेतून बघायच्यात. आणि तो चढ हिला झेपेल ना?

कसारा_बँकर
दादा, ओपन रेल्सच्या मेनूत ऑप्शन्स उघडा, सिम्युलेशनच्या टॅबमध्ये विद्युतीकरण नसलेल्या रूटवर इलेक्ट्रिक लोको चालवू देणारा पर्याय आहे. त्यावर टिक करा, गेम नव्याने सुरू करा आणि पेंटो पुन्हा उचला.

चढाची काळजी सोडा. पूर्वेकडे जाताना मरायसचा चढ १.८ टक्के, म्हणजे साधारण ५५ ला १ (५५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर). आपला भोर घाट ३७ ला १. आणि ही गाडी घरी, जपानात, ओडावारा ते हाकोने-युमोतो २५ ला १ चढायची! मालगाड्यांना एसेक्सहून मदतीची इंजिनं लागतात, हिला नाही. उतारावर मात्र ब्रेक आधीपासून धरा.

रूळजोड
खऱ्या रुळांवर हे शक्यच नव्हतं. ओडाक्यूचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १०६७ मिमी, मरायसचा १४३५. सिम्युलेटर गेज तपासत नाही म्हणून जमतं. मला गंमत फलाटांची वाटते. जपानी फलाट डब्याच्या फरशीच्या उंचीचा, अमेरिकेतला जवळपास रुळालगत. व्हाइटफिशला कॅमेरा खाली आणून दार बघाच.

पुढच्या काचेचं दृश्य हवं असेल तर बाहेरच्या कॅमेऱ्यासाठी कीबोर्डवर २ दाबा आणि कॅमेरा नाकाशी, ड्रायव्हरच्या केबिनखाली आणा. वेगमर्यादा मैलांत येईल, ऑप्शन्समध्ये मेट्रिक करून घ्या. एफ ४ चा ट्रॅक मॉनिटर, म्हणजे पुढचा मार्ग दाखवणारी छोटी चौकट, उघडा ठेवा.

तिसरी_खिडकी
कसारा दादा, चालली! पेंटो उचलला आणि एका सेकंदात व्होल्टेज आलं. रूळजोड, दाराखाली खरोखर मीटरभर पोकळी आहे, प्रवासी उतरणार कसे हा प्रश्नच आहे.

एसेक्सनंतर तुम्ही सांगितला तसा कॅमेरा खाली लावला. पांढऱ्या उजेडात एक काळा चौकोन दिसायला लागला, मोठा होत गेला, आणि लाल-पांढरं नाक आत शिरताच बर्फ पडायचा थांबला. पुन्हा उजेड, पुन्हा पुढची शेड. थ्रॉटल कमी केला, हळू जायचं होतं म्हणून. मुलगी मागे उभी होती, ती म्हणाली, "बाबा, मागे घ्या ना, परत बघू."

१५८९ मीटरवरचा माथा गाठला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. शेल्बीपर्यंतचा उतार उद्या.