मदत हवी आहे: १९५८ चं घर पाडायचं की वाचवायचं?

मंडळी, सोलापुरात सात रस्त्याजवळ आजोबांनी १९५८ मध्ये बांधलेलं आमचं आरसीसी घर आहे. गोलाकार गॅलरी, मोझॅकची फरशी आणि जिन्याला सिमेंटची जाळी. मे महिन्यातही तिथे वारा खेळतो. पण छज्जाखालचं प्लास्टर सुटून गंजलेल्या सळ्या दिसतायत. भावाला अपार्टमेंट हवंय, माझा जीव तुटतो.

महापालिकेच्या जुन्या इंद्रभुवन इमारतीचं सगळ्यांना कौतुक, अशी घरं मात्र 'जुनाट'! अशाच आधुनिक काँक्रीट इमारतींपैकी चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला (विधानसभा, सचिवालय, हायकोर्टाचा परिसर) २०१६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि पुढच्याच वर्षी दिल्लीतलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रगती मैदानावरचं प्रदर्शनाचं सभागृह पाडलं.

सोलापुरात स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करणारा विश्वासू इंजिनिअर कोणी सुचवाल का? सळ्या साफ करून मायक्रो काँक्रीटने (दुरुस्तीसाठीचं बारीक खडीचं काँक्रीट) दुरुस्ती कोणी करून घेतली आहे का? ती कितपत टिकली?