पुतण्याला पोलिसांत द्यायचं की दवाखान्यात न्यायचं?

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीजवळ कर्दे-लाडघरच्या किनाऱ्याला चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हा आमच्याकडे ती चार दिवसांची गंमत होती. आता जेटीमागच्या मोडक्या होडीत रोज तिन्हीसांजेला पोरं बसतात. काल जाळं काढायला गेलो, तर फळीखाली, चरस भरायला सिगारेटींतून काढून टाकलेल्या तंबाखूचा हा एवढा ढीग. त्या पोरांत माझा पुतण्या, वय २०. ग्रामसभेत एकच सूर, सगळ्यांना आत टाका. मला पटत नाही. काय करू?

बंदरकर: टाकाच आत! माझ्या होडीचा पंप चोरीला गेला गेल्या महिन्यात. विकणारा मात्र मोटारसायकलवरून येतो नि जातो, त्याचा नंबर कोणी टिपत नाही.

काळा कोट: एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५, कलम ६४अ वाचा. अल्प प्रमाणात (चरस १०० ग्रॅमपर्यंत) सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा.

मूळ प्रश्नकर्ता: नंबर टिपला. बंदरकर, पंपाचं कळतंय हो. आज रात्री आधी वहिनीशी बोलतो, दादा तापट आहे.