अनोळखी माणसांना ऑनलाइन मदत: आपापले अनुभव सांगा

धरमपेठची_मास्तरीण
आज एका मुलाचा मेसेज आला, "ताई, नोकरी लागली." दोन वर्षांपूर्वी त्याने इंग्रजीचं एक वाक्य तपासायला पाठवलं होतं: आय ॲम वेटिंग सिन्स टू इयर्स. मी लिहिलं, सिन्सपुढे सुरुवातीची वेळ येते, सिन्स 2021. किती काळ ते सांगायचं तर फॉर. आणि ॲम वेटिंग नाही, हॅव बीन वेटिंग. तो म्हणाला, "बरं. पण आता वाट पाहायची ताकदच नाही राहिली." मी व्याकरण तिथेच सोडलं. जेवलास का विचारलं. मग सरळच विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? बराच वेळ "टायपिंग" दिसत होतं, मग नुसतं "हो". असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते नव्याने भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या रात्री त्याच्या मोठ्या भावाला फोन करायला लावला, तो येईपर्यंत बोलत राहिले.
तुम्हीही अशी मदत करता, लिहा ना.

बुटीबोरी_नाइट_शिफ्ट
ताई, वाचून अंगावर काटा आला. मी ब्रेकमध्ये पोरांचे अर्ज पाहून देतो. "डिड नॉट वेंट" तं रोजचंच हाय. डिड आलं की पुढे गो, एवढंच सांगतो. पण रात्री दोनले अर्ज पाठवणारा पोरगा झोपून काऊन नाही राहिला, हे विचारतोच.

मानेवाडा_७
१४४१६ सेव्ह करून ठेवा सगळे. टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

सक्करदरा_काकू
माझ्याशी एक मुलगी इंटरव्ह्यूची तयारी करायची, व्हॉइस नोटवर. "मायसेल्फ अमुक" नको, "आय ॲम" म्हण, "डिस्कस अबाउट" नको, नुसतं डिस्कस. तिच्या नोटमागे घरातली भांडणं ऐकू यायची. मी विषय काढला नाही. एक दिवस तीच म्हणाली, काकू, आज इंग्रजी नको, नुसतं बोलू. तासभर बोललो. आता ती पुण्यात आहे, दिवाळीला चिवड्याची रेसिपी मागते.

ऑरेंजसिटी_बाई
काकू, चिवडा भाजक्या पोह्यांचा का? आम्हालाही द्या!

सक्करदरा_काकू
हो गं, भाजक्याच. रात्री टाकते.

फुटाळा_वॉकर
एक तळमळीने सांगतो. मनाच्या आजाराच्या गोळ्यांबद्दल आपण काही बोलायचं नाही. "बंद कर, सवय लागते" असं सांगणारे खूप भेटतात आणि लोक खरंच एकदम बंद करतात. त्रास दुप्पट होतो. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे जायला तयार करणं, एवढंच आपलं काम. आणि ते छोटं काम नाही.

वाचनकट्टा_महाल
एका घरच्यांनी मुलीने विष घेतल्याचं पोलीस केसच्या भीतीने लपवलं होतं. मी त्यांना 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 वाचून दाखवलं. अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा धरून चालतो, तिच्यावर उपचार करणं सरकारचं कर्तव्य आहे. तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे गेले. वाचली पोरगी.

मानेवाडा_७
@वाचनकट्टा, हे फार मोठं काम केलंत भाऊ.

नंदनवन_एकटा
मी मदत घेणारा. नाव सांगत नाही. लॉकडाउनमध्ये बाबा गेले, अंत्यदर्शनही नाही झालं. एक अनोळखी दादा रोज सकाळी विचारायचे, "आज काय खाल्लं?" कधीच उपदेश नाही. त्या एका प्रश्नासाठी मी उठून चहा-पोहे करायचो.

धरमपेठची_मास्तरीण
@नंदनवन, लिहिलंस हे फार बरं केलंस. आज काय खाल्लंस?

नंदनवन_एकटा
तर्री पोहे ताई 🙂

ऑरेंजसिटी_बाई
विषय सोडून विचारते, कूलरच्या ताट्या चांगल्या कुठे मिळतात? आणि मुलाच्या रिझ्युमेत "गुड इन मॅथ्स" की "गुड ॲट"?

बुटीबोरी_नाइट_शिफ्ट
ॲट. रिझ्युमे मले पाठवा, आज रात्रीच पाहून देतो. ताट्यांचं दुसऱ्या कोणाले विचारा बाप्पा.