मदत हवी आहे: कोजागिरीला गच्चीवर 'मिशन इम्पॉसिबल'चा कोणता भाग लावू?

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरात राहतो. आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर भेळ, मसाला दूध आणि एक सिनेमा असतो. यंदा सिनेमा निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'मिशन इम्पॉसिबल' लावायचं एवढं ठरलं, कारण टॉम क्रूझला तळमजल्यावरच्या काकूही ओळखतात. भाग कोणता, ते ठरेना. १९९६ ते २०२५, आठ आहेत.

अडचणी अशा. दहाला स्पीकर बंद, नियमच आहे. लोक जेवून वर येईपर्यंत साडेसात वाजतात. म्हणजे हातात अडीच तास. शेवटचे दोन भाग इथेच बाद, दोन्ही पावणेतीन तासांच्या आसपास जातात.

दुसरी अडचण उजेडाची. गेल्या वर्षी एक काळोखा सिनेमा लावला. वर पौर्णिमेचा चंद्र, समोरच्या बिल्डिंगचा हॅलोजन, चादरीवर हिरो कुठला नि व्हिलन कुठला कळेना. एक आजोबा म्हणाले, "यापेक्षा रेडिओ लावला असता तर?"

आणि निम्म्या लोकांनी एकही भाग पाहिलेला नाही.

मला विचाराल तर सगळ्यात भारी 'फॉलआउट' (२०१८). लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना क्रूझचा घोटा खरोखर मोडला, आणि तोच शॉट सिनेमात आहे. मी दर वेळी तिथे मागे घेऊन पुन्हा बघतो. पण तो सॉलोमन लेन कोण, ती इल्सा कोण, हे 'रोग नेशन' (२०१५) न पाहता काय कळणार? बायको म्हणाली, "कोण कुणाचं काय लागतं हे माइक घेऊन सांगत बसणार आहेस का?"

पहिला भाग छोटा, दोन तासांच्या आत संपतो. पण त्यातला सर्वांत सुंदर प्रसंग, तिजोरीच्या खोलीत दोरीला लटकायचा, जवळजवळ मुका आहे. घामाचा एक थेंब खाली पडू नये म्हणून सगळा जीव टांगणीला. आमच्या गच्चीवर तेव्हाच कुणीतरी "भेळेत कांदा जास्त झालाय" म्हणणार. दुसऱ्या भागात कबुतरं उडतात, त्याबद्दल एवढंच.

काय करू?

गोदाकाठ: फॉलआउटच लावा हो. हेलिकॉप्टरमागे हेलिकॉप्टर लागल्यावर लेन कोण हे विचारायला कुणाला वेळ आहे!

चौथी रांग: दादा, 'घोस्ट प्रोटोकॉल' (२०११) लावा. सव्वादोन तासांच्या आत-बाहेर आहे. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड आधी ॲनिमेशनपट करायचा, त्यामुळे कोण कुठे आहे आणि काय बिघडलंय ते नुसतं बघून कळतं. बुर्ज खलिफाचा प्रसंग भर दिवसाचा आहे, तुमच्या हॅलोजनलाही पुरून उरेल. काचेला चिकटणारा हातमोजा, पकड गेली की त्याचा दिवा निळ्याचा लाल होतो. याला डबिंगसुद्धा लागत नाही. हिरोच्या मागच्या भागातल्या बायकोचा संदर्भ आहे, पण तो त्याच्या टीममधला ब्रँट स्वतःच बोलून सांगतो. शेवट मुंबईत आहे, अनिल कपूरही आहे. फक्त त्याचं काम चिमूटभर आहे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळे त्याचीच वाट बघत बसतील.

गोदाकाठ: व्हिलन अगदीच मिळमिळीत आहे त्यात.

चौथी रांग: आहे. पण गच्चीवर व्हिलन लक्षात राहत नाही, उंची राहते.

धागाकर्ता: काल रात्री चादर बांधून दोन्ही भागांची दहा-दहा मिनिटं लावून पाहिली. फॉलआउटची सुरुवात नुसती काळी. बुर्ज मात्र लख्ख! शेजारचा पाच वर्षांचा पोरगा हातमोजा सुटल्यावर माझ्या मांडीवर चढून बसला. घोस्ट प्रोटोकॉल पक्का. फॉलआउट घरी बघेन, एकटाच.

आता एकच राहिलं. वारा आला की चादर फुगते आणि क्रूझचं पोट सुटल्यासारखं दिसतं. फाळक्यांनी १९१३ साली याच नाशकात येऊन सिनेमे काढले, आणि आम्हाला साधी चादर ताणता येईना!

चौथी रांग: खालच्या काठाला दुमड शिवून घ्या आणि त्यात नळाचा लोखंडी पाइप सरकवा. दोन्ही टोकं विटांना बांधा. बाजूच्या कडांना दोऱ्या नकोत, मधेच सुरकुती पडते.