मावशींचा पगार किती? : विचारा आणि मग लिहा

आमच्या कोल्हापुरातल्या ताराबाई पार्कातील इमारतीचा जिना गेली नऊ वर्षे ज्या मावशी पुसतात, त्यांना महिन्याला किती रुपये मिळतात हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. मजल्यामागे दोनशे, म्हणजे चार मजल्यांचे आठशे, आणि एखाद्या दिवशी आल्या नाहीत की खाडा. ही रक्कम सहा वर्षांत बदललेली नाही, हे कळल्यावर हा धागा काढला आहे. अट एकच आहे : आपल्या घरी, कचेरीत, दवाखान्यात किंवा गल्लीत सफाई करणाऱ्या व्यक्तीला पगार विचारा आणि मगच लिहा. कृतज्ञतेची भाषणे कृपया नकोत. ती दर २ ऑक्टोबरला भरपूर होतात.

एका कामगार महिलेची मुलगी, कसबा बावडा

मला विचारावे लागले नाही, कारण आकडा घरातच होता. माझी आई अकरा वर्षे एका खासगी रुग्णालयात ठेकेदाराकडे सफाईला होती. तिला वाचता येत नव्हते. परंतु रक्तापुवाच्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत आणि सुया पांढऱ्या डब्यात, हे तिला नव्या शिकाऊ परिचारिकांपेक्षा चोख माहीत होते, कारण दुसऱ्या कुणी चुकून पिवळ्या पिशवीत टाकलेली सुई टोचायची ती तिलाच. एकदा तशी टोचली, तेव्हा रक्ततपासणीचे पैसे तिच्याच पगारातून वळते झाले.

पगार बँकेत पूर्ण जमा होई आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर एटीएमबाहेर उभा राहून प्रत्येकीकडून दीड हजार रुपये रोख परत घेई. कागदावर किमान वेतन भरलेले दिसे. त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार पगार मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमोर वाटला जायला हवा होता, आणि ठेकेदाराने तो कमी दिल्यास उरलेली रक्कम भरून देण्याची जबाबदारी मूळ मालकाचीच होती. हे मला बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला समजले, तोवर आईचे गुडघे गेले होते. अकरा वर्षांत ठेकेदाराचे नाव चार वेळा बदलले. बादल्या, सुपरवायझर आणि बायका त्याच राहिल्या, मात्र एकाही नावाखाली ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षे भरली नाहीत.

एक व्यापारी, शाहूपुरी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी ओसरले, तेव्हा आमच्या गोदामात घोटाभर चिखल आणि आंबून फुगलेली गव्हाची पोती होती. त्या वासाने मी स्वतः आत पाऊल टाकू शकलो नाही. दारासमोरचा तो ढीग दोन सफाई कामगारांनी दीड दिवसात उपसला. एकाच्या पायात गमबूट होते, दुसऱ्याने पायाला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. २०२१ च्या पुरानंतरही तेच दोघे आले, म्हणून ओळख राहिली. या आठवड्यात विचारले, तेव्हा कळले की गमबूटवाला कायम नोकरीत आहे आणि त्याचा पगार दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे. कायम असलेल्याला वडिलांच्या जागी, सफाई कामगारांच्या वारसांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार, वारसा हक्काने नोकरी मिळाली. दुसरा ठेक्यावर आहे, त्यामुळे त्याच्या मुलासाठी अशी कोणतीही जागा नाही. खोरे, ढीग आणि वास दोघांना सारखाच होता.

कापड दुकानदाराचा मुलगा, महाद्वार रोड

आमच्या दुकानापुढचा कट्टा धुणाऱ्या बाईंना महिन्याला तीनशे रुपये मिळतात. नवरात्रात त्या पहाटे चारला येतात, कारण नंतर भाविकांच्या रांगेतून बादली नेता येत नाही. गेल्या वर्षी त्यांनी शंभर रुपये वाढवून मागितले, तेव्हा आमच्या वडिलांनी ‘रोज चहा देतोय की’ असे सांगितले. तो चहा ज्या कपात मिळतो, तो खिडकीच्या फळीवर वेगळा उपडा ठेवलेला असतो आणि त्याच तो विसळून ठेवतात. शाहू महाराज त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेत, ही गोष्ट आम्ही बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने ऐकवत असतो. कप मी आत आणला आहे. शंभर रुपयांचे बोलणे अजून अडलेले आहे.

गृहिणी, साने गुरुजी वसाहत

थोडक्यात लिहिते. आमच्या गल्लीतून कुणीतरी फुटलेली बरणी न गुंडाळता घंटागाडीत टाकली आणि कामगाराचा तळहात चिरला. हात बांधून घरी बसल्यामुळे त्याचे चार दिवसांचे खाडे पडले. पूर्ण गल्लीत कुणीही ती बरणी आपली असल्याचे कबूल केले नाही. आमची नव्हती, एवढे मी खात्रीने सांगू शकते. परंतु डायपर आणि पॅड नीट गुंडाळूनच द्यावेत, हा २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनचा साधा दंडक आमच्या घरीही गेल्या वर्षापर्यंत पाळला जात नव्हता.

प्राध्यापिका, राजारामपुरी

आमच्या महाविद्यालयातील स्वच्छतागृहे धुणाऱ्या बाईंना मी या धाग्यामुळे प्रथमच पगार विचारला. त्या हसल्या आणि ‘इच्यारून काय करतायसा, मॅडम?’ म्हणाल्या. मग आठ बोटे दाखवून त्यांनी ‘हजार’ असे हळूच सांगितले. सतरा मोऱ्या, दोन जिने आणि परीक्षा असली की रविवारही. फिनेल संपले तर पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर भागवायचे आणि वास आल्यास बोलणी खायची. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी पोछा पिळता पिळता सहज विचारले, ‘आणि तुम्हाला किती पडतोय?’ मी जो आकडा सांगितला, तो खऱ्याच्या निम्मा होता.