शिबिरातली दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ कशी घ्यावी? (पाचगणी, ६२ जण, वय ८ ते ७८)

शेवंती
सलाम सगळ्यांना. आमच्या चर्चच्या मंडळीचं तीन दिवसांचं शिबिर डिसेंबरमध्ये पाचगणीला आहे, ६२ नावं आलीत, सगळ्यात धाकटा ८ वर्षांचा आणि सगळ्यात थोरले आजोबा ७८. मी तरुण संघाची सेक्रेटरी आहे म्हणून दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवलीय, सहा ते दहा, मध्ये जेवण. एक हॉल आहे आणि बाहेर फरशीचं अंगण.

खरं सांगते, मागच्या वर्षीची संध्याकाळ माझ्या मनातून जात नाहीये. स्टेज केलं होतं, मोठा स्पीकर आणला होता, अॅक्शन साँग, ग्रुप डान्स, सगळं जोरात चाललेलं, पण साडेआठपर्यंत म्हातारी माणसं एकेक करून खोलीत निघून गेली होती. आमच्यात एक नवीन कुटुंब येतं, आई आणि दोन मुलं, चर्चमध्ये येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, ती शेवटपर्यंत मागच्या खुर्च्यांवर बसून होती, बायबल क्विझमध्ये त्यांना काय विचारणार. आणि चिठ्ठ्यांच्या खेळात हरणाऱ्याला स्टेजवर येऊन नक्कल करायची शिक्षा होती, त्यात एक नववीतली मुलगी सगळ्यांसमोर रडली. लोक हसत होते, वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण ती रात्रभर कुणाशी बोलली नाही आणि पुढे दोन महिने संडे स्कूललाही आली नाही. मी तिच्या घरी तीनदा जाऊन आले.

यंदा ती येतेय. तिचं नाव यादीत बघितलं आणि तेव्हापासून हा कार्यक्रम नीट व्हावा म्हणून प्रार्थना करतेय. दिवसभर वचन, चर्चा, गटप्रार्थना हे सगळं असतंच, पण रात्री एकत्र हसायचं, खायचं, गायचं हेही तितकंच देवाचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे कसं करता ते सांगा.

पेटीवाला
सलाम ताई. पहिलं काम, स्टेज काढा. खुर्च्या पण काढा, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यापुरत्या ठेवा, बाकी सतरंज्या टाकून गोल बसा. स्टेज आलं की चार माणसं करणारी आणि अठ्ठावन्न बघणारी होतात. गोलात बसलं की कुणाला मागची रांगच उरत नाही.

मी नगरकडचा, पस्तीसेक वर्षं शिबिरांत पेटी वाजवतोय. आमची सुरुवात कायम भजनाने. पेटी, ढोलकी, आणि टाळ मात्र भरपूर न्या, दहा-बारा जोड तरी, कारण ज्याला गाता येत नाही त्याच्या हातात टाळ दिला की तो बसल्या जागी कार्यक्रमात आला. नवीन कुटुंबातल्या त्या बाईंच्या हातात पहिला टाळ द्या, मी पैजेवर सांगतो त्यांना ताल आपल्यापेक्षा चांगला येत असेल, ज्यांनी गावच्या देवळात भजनं ऐकलीत त्यांना तो शिकवावा लागत नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी अभंग, ओव्या, भजनं लिहिली ती याच मातीतल्या चालींची. त्याच्याही आधी आमच्या नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करायचे. म्हणजे ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांची आहे, उसनी नाही.

भजनांची भेंडी ठेवा पण शेवटच्या अक्षरावर नको, आम्ही करून बघितलंय, ‘य’ आणि ‘प’ वर पन्नास गाणी निघतात आणि ‘ळ’ आला की सगळं ठप्प. विषयावर खेळा. मी म्हणायचं ‘मेंढपाळ’, की गटाने मेंढपाळाचं भजन गायचं, मग ‘पाणी’, ‘वधस्तंभ’, ‘पहाट’, असं. प्रत्येक गटात एक म्हातारं माणूस हवंच आणि मोबाइल बंद, म्हणजे पोरांना त्यांच्याकडे वळावंच लागतं. आमच्या आजीला ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातलं निम्मं तरी पाठ होतं, पुस्तक हातात न घेता, आणि नातवंडांना हे पहिल्यांदा कळलं ते अशाच एका खेळात.

सूर वर चढवू नका. पेटीची काळी एक (पहिली काळी पट्टी) बस झाली. सूर चढला की आधी आजोबा गप्प होतात मग लहान मुलं.

बोरकूट
पेटीवाले काका बरोबर आहे तुमचं पण एक बाजू माझी पण ऐका. मी २१ वर्षांचा आहे, गिटार वाजवतो, आणि दर वेळी ‘जुनं ते आपलं’ असं झालं की आमच्या वयाची पोरं हॉलच्या बाहेर जाऊन उभी राहतात. आम्ही जी गाणी गातो त्यात पण आमची भक्ती आहे, नुसता आवाज नाही. मागच्या वर्षी ताईंकडे चुकलं ते गाणी नवीन होती म्हणून नाही, एकाच वयाला धरून सगळा कार्यक्रम बेतला म्हणून, आणि ते उलट पण होऊ शकतं.

आमच्याकडे आम्ही काय केलं, ढोलकीवर गिटार धरली. एक जुनं भजन आम्ही शिकायचं आणि एक आमचं गाणं आजी-आजोबांनी शिकायचं, हातवाऱ्यांसकट. माझ्या आजीने गुडघ्याला पट्टा बांधून बसल्या बसल्या सगळ्या अॅक्शन केल्या आणि अख्खा हॉल तिच्यासोबत करत होता. तो दिवस मी विसरणार नाही, ती आता नाहीये.

अजून एक, तासभर बोर्डिंगच्या आठवणींना ठेवा. साठीच्या पुढचे बरेच जण मिशन बोर्डिंगात शिकलेले असतात. त्यांना फक्त विचारा की नाताळला बोर्डिंगात काय मिळायचं, घंटा कोण वाजवायचं, पाणी कुठून भरायचा. आम्ही अर्धा तास धरलेला तो दीड तास चालला, कारण दोन काका एकाच बोर्डिंगातले निघाले आणि एकमेकांना ओळखतच नव्हते.

आणि शिक्षा वगैरे अजिबात नको. हरला तर हरला, बसा आणि टाळ्या वाजवा.

वसईकर
मी कॅथलिक, वसईचा, चालेल ना? आमच्या युवकांच्या रिट्रीटमध्ये दिवसभर मौन असतं, आराधना, प्रायश्चित्त संस्कार (फादरांपुढे पापांची कबुली), संध्याकाळी मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना, आणि मिस्सा संपली की जे बोलणं सुटतं ना ते धरणाचं दार उघडल्यासारखं. म्हणून आमच्याकडे रात्रीच्या कार्यक्रमाला फादर फार आखणी करू देत नाहीत, माणसांना आधी नुसतं बोलू द्या म्हणतात. तुम्ही पण सहा वाजता लगेच सुरू नका करू, अर्धा तास चहा-भजी आणि गप्पा राहू द्या.

माझ्याकडून नाटुकल्याची आयडिया. सगळ्या वयाचे मिसळून पाच-सहा गट करायचे, प्रत्येकाला बायबलमधला एक प्रसंग चिठ्ठीवर आणि तयारीला फक्त २० मिनिटं, सामान म्हणजे खोलीतल्या चादरी, बादल्या, टॉर्च. बोली ज्याची त्याची. आम्ही आमच्या वसईच्या बोलीत चांगल्या शोमरोन्याची (वाटेत लुटलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची) गोष्ट केली होती, लुटलेला माणूस नालासोपाऱ्याच्या लोकलमधून उतरलेला. पण सगळ्यात रंगतो तो युतुख, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २०. त्रोवस गावी प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय, खोलीत पुष्कळ दिवे, हा पोरगा खिडकीत बसलेला, झोप लागते आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक उचलतात तर मेलेला. पौल खाली येऊन त्याला कवटाळतो, म्हणतो घाबरू नका, जीव आहे, आणि वर जाऊन भाकर मोडतो आणि परत उजाडेपर्यंत बोलत बसतो! हसून हसून पुरेवाट होते आणि शेवटी तो पोरगा जिवंत घरी नेला जातो तेव्हा आपोआप शांतता पसरते, ती कुणी सांगून होत नाही.

ज्याला बोलायची भीती वाटते त्याला निर्जीव वस्तू करा. खिडकी, दिवा, पायरी. वाक्य नाही, पाठ करायचं नाही, पण त्याच्याशिवाय नाटक होत नाही.

रातराणी
शेवंती, तुझी पोस्ट वाचून मी दोन दिवस विचार करतेय. त्या आईबद्दल लिहायचंय. मी लग्नाआधी ख्रिस्ती नव्हते. पहिल्या शिबिरात मला क्विझमध्ये विचारलं जुन्या करारात पुस्तकं किती, मला जुना करार म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, सगळे थांबले होते माझ्या उत्तरासाठी. आज मला जुन्याची ३९ आणि नव्याची २७ झोपेतही सांगता येतं, पण ती थांबलेली अर्धी मिनिट अजून आठवते. क्विझ घ्यायची तर जोडीने घ्या आणि माहितीची नको, शोधायची ठेवा. सगळ्यात लहान स्तोत्र कुठलं ते शोधा (११७, दोनच वचनं), सगळ्यात मोठं शोधा (११९, १७६ वचनं). पुस्तक हातात असलं की नवखा आणि जुना दोघं मिळून पानं उलटतात, आणि आठ वर्षांचं पोर पण जिंकू शकतं.

आता जरा नर्स म्हणून. पाचगणीला डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी असते, वयस्कर माणसांना अंगणात जास्त वेळ बसवू नका, कानटोपी शाल आणायला यादीतच लिहा. शुगरवाल्यांचं जेवण आठच्या आत. उघड्यावर स्पीकर रात्री दहानंतर चालत नाही, तो नियमच आहे, पण माझं म्हणणं तुम्हाला स्पीकर लागणारच नाही. शेकोटीचं जागेवाल्यांना आधी विचारा, झाडांखाली नको, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी, नाहीतर कोळशाची शेगडी बरी.

शेगडी असेल तर एक सुचवते. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. अठराव्या अध्यायात थंडीच्या रात्री येशूचा शिष्य पेत्र त्या विस्तवापाशी शेकत उभा असतो, लोक विचारतात तू त्याचा शिष्य ना, आणि तो ‘मी नाही’ म्हणतो. एकविसाव्यात पुन्हा कोळशाचा विस्तव, पहाट, समुद्रकाठ, आणि प्रभूने स्वतः मासळी भाजून ठेवलीय, या न्याहारी करा म्हणतो. ज्या विस्तवापाशी लाज झाली तसल्याच विस्तवापाशी त्याने पेत्राला परत जवळ बसवलं, आणि आधी खायला घातलं, मग ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हा प्रश्न विचारला. दहा मिनिटांत सांगून होईल. तुझ्या त्या नववीतल्या मुलीचं वाचताना मला हेच आठवत होतं.

शेवंती
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. पाळकसाहेबांना सगळं वाचून दाखवलं. स्टेज रद्द, स्पीकर रद्द, शिक्षा रद्द. टाळांचे आठ जोड मिळालेत, अजून बघतेय. एक विचारायचं राहिलं, आमच्याकडे कापणीच्या सणाला लिलाव होतो तसा छोटा लिलाव ठेवू का? घरून प्रत्येकाने काहीतरी आणायचं, पापड, लोणचं, गावरान अंडी, आणि पैसे मंडळीतल्या एकाच्या डायलिसिससाठी.

पेटीवाला
नक्की ठेवा. फक्त बोली लहान ठेवा, दहा रुपयांनी वाढवायची, नाहीतर दोन पैसेवाल्यांचाच सामना होतो आणि बाकीचे बघत बसतात. अंड्यांची बोली मुलांना लावू द्या.

शेवंती
परत आलो! जानेवारी उजाडला लिहायला, माफ करा.

भजी साडेसहाऐवजी सातपर्यंत चालली म्हणून बोर्डिंगच्या आठवणी जेवणावर ढकलल्या आणि ते बरंच झालं, खाता खाताच लोक बोलले. लिलावात ४,३८० रुपये जमले, स्ट्रॉबेरीच्या एका पनेटसाठी (छोट्या डबीसाठी) दोन आज्या अशा काही भिडल्या की शेवटी अर्धी अर्धी वाटून घेतली आणि पैसे दोघींनी पूर्ण दिले. गिटार-ढोलकी एकदा चुकली, मग जमली. विषयांच्या भेंड्यात ‘पाणी’ आलं आणि तिसऱ्या गटाने सात भजनं काढली.

युतुख आमच्याकडेही झाला. ती मुलगी खिडकी झाली. दोन हातांनी चादरीची चौकट धरून उभी, आणि युतुख झालेला आमचा बारा वर्षांचा पोरगा इतका जोरात पडला की ती चादर टाकून त्याला धरायला धावली, पौलाच्या आधी. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती हसत होती. रात्री शेगडीपाशी माझ्या शेजारी येऊन बसली. काही बोलली नाही, शालीचं एक टोक ओढून घेतलं फक्त.

आता पेटीवाले काकांना एक काम. शेवटी शेगडीपाशी ७८ वर्षांच्या आजोबांनी एक भजन म्हटलं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांचे वडील खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी रचलेलं, आजोबांनी साठ वर्षांत ते कुणापुढे म्हटलं नव्हतं. चार कडवी आहेत. नवीन कुटुंबातल्या त्या ताईंनी पहिल्याच ओळीला टाळ धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, आम्ही बाकीचे दुसऱ्या कडव्यापर्यंत चाचपडत होतो. शब्द मी वहीत उतरवलेत, आजोबांकडून दोनदा तपासून घेतलेत. चाल मोबाइलवर रेकॉर्ड केलीय, पण ताल मला कळत नाहीये, धुमाळी वाटते आणि मध्येच वेगळी होते. पाठवू का?

पेटीवाला
आजच पाठवा. आजोबांना विचारा, सम (तालाची पहिली मात्रा) कुठल्या शब्दावर येते.